उपकरण गप्प झालं, पण का? नेटवर्कमधला वीज-बिघाड ओळखायचा आणि कळवायचा कसा

नियंत्रण कक्षात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच एक लाल ठिपका दिसतो. कुठला तरी स्विच, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा, उत्तर देत नाही. तो लगेच ‘स्विच डाउन’ असं लिहून पुढे कळवतो, आणि खोळंबा तिथूनच सुरू होतो. ‘डाउन’ एवढ्यावरून तिकडे कुणाला पाठवायचं ते ठरत नाही. फायबर जोडणारा जाईल, इलेक्ट्रिशियन जाईल, की नवा पॉवर सप्लाय घेऊन तंत्रज्ञ? चुकीचा माणूस गेला तर दोन तास वाया जातात, आणि तेवढ्यात जागेवरची बॅटरीही संपते.

अडचण मुळात अशी की ज्याची वीज गेली ते उपकरण स्वतः तक्रार करू शकत नाही. ते फक्त गप्प होतं, आणि फायबर तुटलं तरी दुरून ते तसंच गप्प दिसतं. म्हणून साक्षीदार आधीच नेमून ठेवावे लागतात. हे काम वीज असताना करायचं असतं. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

पायरी १ : विजेची वाट कागदावर काढा

नेटवर्कचा नकाशा बहुतेकांकडे असतो, विजेचा फार थोड्यांकडे. प्रत्येक रॅकसाठी एक साधी रेघ काढा: मुख्य वीज, मग एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण), मग यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा), मग रॅकमधली पॉवर पट्टी, मग कॉर्ड, मग उपकरणाचा पॉवर सप्लाय. दूरसंचाराच्या जागी यूपीएसऐवजी रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारं उपकरण) आणि ४८ व्होल्टची बॅटरी बँक असते. कोणती कॉर्ड कुठे जाते ते कॉर्डच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून लिहा.

दोन पॉवर सप्लाय असलेल्या उपकरणाकडे विशेष लक्ष द्या. दोन कॉर्ड दोन वेगळ्या स्रोतांवर हव्यात. मी स्वतः एका जागी पाहिलं आहे की महागडा राउटर, दोन सप्लाय, दोन्ही हिरवे, आणि दोन्ही कॉर्ड खाली एकाच एक्स्टेंशन बोर्डात. बोर्डाचा प्लग सैल होऊन जळाला आणि दोन्ही सप्लाय एका क्षणी गेले. कागदावर रेघ काढली असती तर पाच मिनिटांत लक्षात आलं असतं.

पायरी २ : अर्धा बिघाड पकडा

नव्या माणसाने एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर ही शिकावी. दोन सप्लाय असलेल्या उपकरणात एक मेला तर काहीच बंद पडत नाही. दुसरा सगळा भार उचलतो, ग्राहकाला कळत नाही, पिंगला (‘आहेस का?’ या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर येत राहतं, पडद्यावरचा ठिपका हिरवाच राहतो. फक्त रॅकच्या मागे एक छोटा दिवा पिवळा किंवा लाल झालेला असतो, आणि त्या बाजूला कुणी महिनोन्‌महिने जात नाही. मग एक दिवस दुसरा सप्लाय जातो, आणि ‘अचानक’ सगळं बंद पडल्याची तक्रार येते. माझ्या मते ‘एक सप्लाय गेला’ हा अलार्म ‘उपकरण बंद’ या अलार्मपेक्षा मोलाचा आहे, कारण तो आला तेव्हा तुमच्या हातात अजून वेळ असतो.

तो पकडायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही लागतात. पहिला, उपकरणाने स्वतःहून कळवणं: एसएनएमपी (उपकरणांवर देखरेख ठेवायची पद्धत) मधला ट्रॅप, म्हणजे न विचारता पाठवलेली सूचना, जो यूडीपीच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येतो, आणि सिसलॉगची, म्हणजे उपकरणाच्या नोंदवहीची, ओळ. सिसलॉगमध्ये ० ते ७ अशा तीव्रतेच्या पातळ्या असतात, ० सगळ्यात गंभीर. काही उपकरणं सप्लाय गेल्याची ओळ ३ किंवा ४ वर पाठवतात. तुमचा फिल्टर फक्त ० ते २ दाखवत असेल तर ती ओळ तुमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. फिल्टर एकदा स्वतः उघडून पाहा.

दुसरा मार्ग म्हणजे आपण ठरावीक वेळाने विचारणं, म्हणजे पोलिंग. ट्रॅप पोचला की नाही याची पावती नसते. वाटेत हरवला तर हरवला. म्हणून दर पाच मिनिटांनी प्रत्येक सप्लायची स्थिती विचारणारी तपासणी लावून ठेवा. उपकरणावर लॉगिन करूनही हे दिसतं: बहुतेक कंपन्यांच्या उपकरणांत ‘शो एन्व्हायर्नमेंट’ किंवा त्यासारखी आज्ञा सप्लाय, पंखे आणि तापमान एकत्र दाखवते.

उत्तर वाचताना शब्दांकडे लक्ष द्या. सप्लायला ‘इनपुट नाही’ असं दिसलं, तर सप्लाय बहुधा ठीक आहे आणि कॉर्ड, पट्टी किंवा एमसीबी तपासायचा. इनपुट आहे आणि ‘आउटपुट बिघाड’ दिसतो, तर सप्लाय बदलायचा. ‘हजर नाही’ म्हणजे खाचेत काही नाही किंवा सप्लाय नीट बसलेला नाही. हा फरक तिकिटात, म्हणजे बिघाडाच्या नोंदीत, लिहिलात, तर जाणारा माणूस योग्य सामान घेऊन निघेल.

फोन आणि कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज देणाऱ्या, म्हणजे पीओई स्विचमध्ये अर्ध्या बिघाडाचा आणखी एक चेहरा असतो. एक सप्लाय गेला की वाटायची वीज कमी पडते, आणि स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टांची वीज तोडतो. स्विच चालू, जोडणी चालू, पण काही कॅमेरे आणि वायफायचे डबे बंद. अशा वेळी लोक कॅमेरा बदलत बसतात. एकाच स्विचवरची तीन-चार उपकरणं एकदम मेली, तर आधी स्विचचा पीओई हिशेब पाहा: एकूण किती वॉट उपलब्ध, किती दिलेले.

पायरी ३ : यूपीएसला बोलतं करा

मुख्य वीज गेल्याची पहिली खबर यूपीएसकडे असते. त्याला नेटवर्क कार्ड बसवलं तर तो ती तुम्हाला देतो. आरएफसी १६२८ हा इंटरनेट मानकांच्या मालिकेतला १९९४ सालचा दस्तऐवज यूपीएसकडून विचारायच्या गोष्टी ठरवून देतो: आउटपुट सध्या कुठून येतंय, बॅटरीवर किती सेकंद झाले, अंदाजे किती मिनिटं उरली, बॅटरी ठीक आहे, कमी झाली की संपली. अनेक उत्पादक हेच किंवा स्वतःचं मिळतंजुळतं कोष्टक वापरतात. यूएसबीने जोडलेल्या छोट्या यूपीएससाठी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते एका संगणकावर चालवून बाकीच्यांना नेटवर्कवरून स्थिती सांगता येते.

‘उरलेली मिनिटं’ हा आकडा हिशेबाने काढलेला असतो. बॅटरी जुनी झाली की तो फसवतो: २५ मिनिटं दाखवतो आणि सातव्या मिनिटाला सगळं अंधारात. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमानाला धरून सांगितलेलं असतं, आणि त्यावर दर १० अंशांना ते निम्म्यावर येतं असा ढोबळ ठोकताळा आहे. बंद, गरम खोलीतल्या यूपीएसच्या आकड्यावर विसंबू नका.

४८ व्होल्टवर चालणाऱ्या उपकरणांत एक सोपी युक्ती आहे. रेक्टिफायर चालू असताना व्होल्टेज ५४ च्या आसपास असतं. मुख्य वीज गेली की ते उतरून ५० च्या जवळ येतं आणि मग सावकाश घसरत राहतं. राउटर आपलं इनपुट व्होल्टेज दाखवत असेल, तर त्या आलेखावरूनच कळतं की जागा बॅटरीवर गेली आहे, तिथे वेगळा अलार्म नसला तरी.

कार्ड नसलेल्या जागी ड्राय कॉन्टॅक्ट वापरतात: वीज असेपर्यंत एक रिले ओढलेला राहतो, गेली की सुटतो आणि अलार्मच्या तारांची स्थिती बदलते. इथे जोडणी अशी करा की सगळं ठीक असताना सर्किट बंद, म्हणजे जोडलेलं असेल आणि बिघाडात उघडेल. मग तार उंदराने कुरतडली तरी अलार्म येईल. उलट जोडलीत तर तुटलेली तार कायम ‘सगळं ठीक’ सांगत राहील.

पायरी ४ : शेवटचा निरोप ऐका

उपकरणातल्या कपॅसिटरमध्ये वीज गेल्यावरही क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा असते. काही उपकरणं त्या क्षणात एक शेवटचा संदेश पाठवतात. त्याला ‘डाइंग गॅस्प’ म्हणतात. डीएसएल मोडेम, फायबरचे ओएनटी (ग्राहकाच्या घरी फायबर जिथे संपतं तो डबा) आणि बऱ्याच राउटर-स्विचमध्ये ही सोय असते. इथरनेटसाठी ती २००४ च्या आयईईई ८०२.३एएच या मानकात ठरवलेली आहे.

फायबरच्या घरगुती जोडण्यांमध्ये या निरोपाचं मोल फार आहे. ओएनटी गप्प झाला आणि त्याआधी गॅस्प आला, तर वीज गेली. गॅस्प न येता प्रकाश गेला, तर आधी फायबरकडे पाहायचं. एकाच स्प्लिटरवरचे (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या जोडावरचे) सगळे ओएनटी गॅस्पशिवाय एका सेकंदात गेले, तर ती जवळजवळ नक्की मुख्य फायबरची तूट. एका परिसरातले पुष्कळ ओएनटी गॅस्प देऊन गेले, तर तिथली वीज गेली, आणि स्प्लायसिंगची (फायबर जोडणाऱ्यांची) गाडी काढायचं कारण नाही. एकटा ओएनटी रोज रात्री गॅस्प देऊन सकाळी परत येत असेल, तर घरातला माणूस झोपताना बटण बंद करतो, एवढाच त्याचा अर्थ.

पण हा निरोप एकतर्फी असतो. पाठवणारा पावतीसाठी थांबू शकत नाही, आणि वाटेतल्या स्विचची वीजही त्याच क्षणी गेली तर निरोप तिथेच विरतो. गॅस्प आला तर वीज गेली असं धरायला हरकत नाही. आला नाही म्हणून वीज शाबूत आहे असं मात्र धरू नका.

राउटर-स्विचमध्ये ही सोय पुष्कळदा मुद्दाम चालू करावी लागते आणि निरोप कुणाला पाठवायचा ते आधीच सांगून ठेवावं लागतं. मरतानाच्या काही मिलिसेकंदांत पत्ता शोधत बसायला वेळ नसतो.

पायरी ५ : परत आल्यावर अपटाइम विचारा

निरोप मिळाला नाही, यूपीएस मुका आहे, आणि अर्ध्या तासाने उपकरण आपोआप परत आलं. झालं काय होतं? लॉगिन करून सगळ्यात आधी अपटाइम, म्हणजे उपकरण किती वेळ सलग चालू आहे ते, पाहा. अपटाइम ११२ दिवस दिसतोय, म्हणजे उपकरण सगळा वेळ जिवंत होतं आणि मधली वाट तुटली होती. चार मिनिटं दिसतोय, म्हणजे ते पुन्हा सुरू झालं. मग पुन्हा सुरू होण्याचं कारण पाहा; बरीच उपकरणं ते नोंदवून ठेवतात: वीज आली म्हणून, कुणी आज्ञा दिली म्हणून, की सॉफ्टवेअर कोसळलं म्हणून.

ही तपासणी आपोआप व्हायला हवी. पाच मिनिटांच्या पोलिंगमध्ये दीड मिनिटाचा खंड सहज निसटतो. उपकरण मरून परत आलं तरी पडद्यावर सलग हिरवं दिसतं. मागच्या वेळेपेक्षा अपटाइम कमी आला तर अलार्म द्यायचा, हा नियम असलं सगळं पकडतो.

त्यात एक खड्डा आहे. एसएनएमपीचा नेहमीचा अपटाइम सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि तो आकडा ३२ बिटांचा असतो. म्हणून सुमारे ४९७ दिवसांनी तो भरून पुन्हा शून्यावर येतो. सुमारे सोळा महिने नीट चाललेलं उपकरण त्या दिवशी ‘वीज गेली’ म्हणून अलार्म देतं. आधीचा आकडा ४९७ दिवसांच्या जवळ होता का ते पाहा. एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरत असाल तर तिच्यात सेकंदांचा वेगळा मोजक आणि किती वेळा सुरू झालं याचा मोजकही असतो. त्यावर नियम बांधला तर हा गोंधळ टळतो.

लॉगचीही काळजी घ्या. पुष्कळ उपकरणांचा लॉग चालू मेमरीत असतो आणि विजेबरोबर पुसला जातो. म्हणून तो सतत दुसऱ्या सर्व्हरवर जायला हवा. शिवाय आतलं घड्याळ बॅटरीवर चालत नसेल तर सुरू झाल्यावर उपकरण १९७० सारखी जुनी तारीख लावतं. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने) वेळ जुळेपर्यंतच्या नोंदींवर घटनाक्रम बांधू नका. लॉग सर्व्हरने लावलेली वेळ प्रमाण माना.

आणखी एक खूण अनुभवाने कळते. यूपीएस बॅटरीवर गेला, पण सगळं चालू राहायला हवं होतं तिथे एकच स्विच पुन्हा सुरू झाला. वीज बदलतानाचे काही मिलिसेकंद निभावण्याची ताकद त्याच्या सप्लायमध्ये उरलेली नाही. कपॅसिटर थकले आहेत. तो पुढच्या खेपेला बदलायच्या यादीत टाका.

पायरी ६ : अलार्मचा गलका आवरा

एका जागेची वीज गेली की तिच्यामागची चाळीस उपकरणंही दिसेनाशी होतात आणि चाळीस अलार्म येतात. कोण कुणाच्या मागे आहे ते देखरेखीच्या सॉफ्टवेअरला सांगून ठेवा, म्हणजे ते एकच मूळ अलार्म दाखवेल.

क्षणभर वीज जाऊन आली म्हणून रात्री कुणाला उठवू नका. ‘बॅटरीवर गेला’ यासाठी ३० ते ६० सेकंद थांबून मग कळवणं ठीक. ‘बॅटरी कमी’ आली तर मात्र एक सेकंदही थांबू नये. न कळवलेल्या झटक्यांचीही नोंद ठेवा, कारण एकाच जागी आठवड्यात वीस झटके दिसले तर तिथे कुठेतरी स्क्रू सैल असतो.

आणि देखरेखीचा सर्व्हर, त्याचा स्विच, बाहेर संदेश पाठवणारी वाट, सगळं यूपीएसवर आहे ना? नसेल तर वीज गेल्यावर सगळ्यात आधी तुमचा पहारेकरीच झोपतो. दुसऱ्या जागेवरून या सर्व्हरवरही नजर ठेवणारी एक तपासणी हवी.

पायरी ७ : मुद्दाम वीज काढून पाहा

संबंधितांना कळवून, ठरवलेल्या वेळी, दोनपैकी एक कॉर्ड काढा. अलार्म किती सेकंदांत आला? कुणाच्या फोनवर आला? एका ठिकाणी सगळं नीट लावलेलं होतं, फक्त सूचना नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होती. ते अशाच चाचणीत सापडलं. कॉर्ड परत लावल्यावर ‘पूर्ववत’ हा संदेशही आला पाहिजे, नाहीतर मेलेले अलार्म साचत जातात आणि लोक पडद्याकडे पाहणंच सोडतात.

पायरी ८ : कळवा

आधी जागेवरच्या माणसाला फोन. त्याला ‘वीज आहे का?’ असं विचारू नका. तो छताकडे पाहतो, ट्यूब लागलेली असते, ‘आहे’ म्हणतो; आणि रॅकचा एमसीबी वेगळाच असतो. असं विचारा: उपकरणावर एक तरी दिवा लागलाय का? पंख्याचा आवाज येतोय का? यूपीएस वाजतोय का? त्याच पट्टीवरचं दुसरं काही चालू आहे का? एमसीबी पडलेला असेल तर एकदाच वर करायला सांगा. पुन्हा पडला, किंवा जळका वास येत असेल, तर हात लावू नका म्हणावं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. पॉवर सप्लाय कुणीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

मग लिहायचं. पाहिलेलं आणि अंदाज केलेलं वेगळं ठेवा, घटनेची वेळ आणि तुम्हाला कळल्याची वेळ वेगळी ठेवा. असं:

‘तळमजल्याचा स्विच तळ-२. १३:३१ ला यूपीएसकडून “बॅटरीवर”. १४:०५ ला “बॅटरी कमी”. १४:०७ पासून स्विच उत्तर देत नाही. त्याच सेकंदाला शेजारच्या मध्य-१ वर लिंक डाउन. पडद्यावर १४:०९ ला पाहिलं. अंदाज: जागेची मुख्य वीज १३:३१ पासून नाही. फायबर तुटल्याची खूण नाही. परिणाम: ४६ फोन, ४ वायफाय बंद. जागेवर फोन केला. रॅकवर एकही दिवा नाही, एमसीबी पडलेला. इलेक्ट्रिशियन हवा. पुढची माहिती १४:३० ला.’

हे वाचून कुणाला पाठवायचं ते लगेच ठरतं. १४:३० ला काही नवं नसलं तरी ‘नवं काही नाही’ एवढं कळवा. वाट पाहणाऱ्याला तेही हवं असतं. आणि वरच्या नोंदीत एक चूकही दिसते, ती लपवू नका: १३:३१ ते १४:०५ या ३४ मिनिटांत कुणी काही केलं नाही. तिकिटात तसं लिहिलं तरच पहिल्या ट्रॅपचा अलार्म का वाजला नाही याचा शोध सुरू होतो.

वीज आली, स्विच पिंगला उत्तर देऊ लागला, की तिकीट बंद करायची घाई होते. थांबा. दोन्ही सप्लाय हिरवे आहेत का, पीओईवरची सगळी उपकरणं परतली का, घड्याळ जुळलं का ते पाहा. मग बॅटरीची टक्केवारी. रिकामी झालेली बॅटरी भरायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात वीज पुन्हा गेली तर मघाची ३४ मिनिटं मिळणार नाहीत, कदाचित पाचच मिळतील. पुढच्या शिफ्टला हे लेखी द्या: ‘तळ-२ चालू, बॅटरी २० टक्के, भरेपर्यंत लक्ष ठेवा.’ बॅटरी भरल्याचं दिसलं की तिकीट बंद करा.